एकही टिकली नसलेली मिनीबस

लिलावाच्या आवारात गाडी बघायला दोनच दिवस मिळत, आणि त्या दोन दिवसांत माणसाला जे करावंसं वाटे त्यातल्या निम्म्याची मनाई असे. दार उघडा, आत बसा, काचा खालीवर करा, तेवढी मुभा. बॉनेट मात्र आवारातला माणूसच उघडणार, इंजिनही तोच चालू करणार आणि मनातल्या मनात दोन मिनिटं मोजून बंद करणार. गाडी जागची हलवायची नाही, खाली झोपून बघायचं नाही, कुठलं यंत्र जोडायचं नाही. फाटकावर पाटी होती : 'आहे तशी, आहे तिथून. नंतर तक्रार चालणार नाही.' उंच पठारावरच्या एल आल्तो शहराच्या वाऱ्यानं पाटीचा रंग उडाला होता, पण अक्षरं वाचता येत होती.

सिल्वेरियो पोमा मिस्त्रीला या मनाईचं काही वाटत नसे. उलट, ती होती म्हणून तर त्याला मान होता. गाडी चालवून बघता आली असती तर मिस्त्रीला कोण विचारतंय? त्याच्याकडे हत्यारं दोनच, एक छोटी बॅटरी आणि बायकोच्या केसांतली एक पिन. ती घेऊन तो गाडीत शिरे आणि सीट ज्या पट्टीवरून मागेपुढे सरकते तिच्या खाचेत, गरम हवेच्या जाळीत, सीट बेल्टच्या खोबणीत कोरत बसे. शोधायचा तो कागदाच्या टिकल्या.

एल आल्तोत दर वर्षी कार्निव्हलच्या मंगळवारी ज्याच्या दारात चाक म्हणून आहे तो त्याची पूजा घालतो. मिनीबस असो की बटाट्याची हातगाडी, तिला रंगीत फिती गुंडाळायच्या, चारी चाकांवर बिअर ओतायची आणि आतबाहेर मूठमूठ टिकल्या उधळायच्या. पुढे त्या काही केल्या पूर्ण निघत नाहीत, धुवा, झाडा, पंपानं हवा मारा. ताजी टिकली रंगीत, दोन वर्षांची फिकट, पाच वर्षांची बिअरमध्ये चिकटून तपकिरी झालेली. सिल्वेरियो पिनेच्या टोकावर थर काढून बघे आणि म्हणे, "हिनं सहा कार्निव्हल बघितलेत. आणि मीटरवर पन्नास हजार? सहा वर्षं काय अंगणात ऊन खात बसली होती?" मीटर मागे फिरवणारे सीटचं कापड बदलत, पेडलचं रबर बदलत, पण टिकल्या त्यांच्या हाती लागत नसत. लोक त्याला थट्टेनं टिकल्यांचा डॉक्टर म्हणत, आणि गाडी घ्यायची वेळ आली की मुकाट्यानं त्यालाच बोलावत.

त्या जानेवारीत त्याला बोलावलं होतं लेओकादिया तिकोनानं. तिचा नवरा माक्सिमो रिओ सेकोच्या लाइनीवर मिनीबस चालवायचा. छातीच्या दुखण्यात आधी गाडी विकली गेली, मग तोही गेला. मागं उरली ती लाइनीतली त्याची जागा, सत्तेचाळीस नंबर. लाइन म्हणजे एका मार्गावरच्या मिनीबसवाल्यांची संघटना; तिच्यात जागा मिळायला लोक दहा-दहा वर्षं ताटकळतात. सभासदांच्या बैठकीत बराच आरडाओरडा होऊन ठरलं, की बाईनं महिनाअखेरपर्यंत गाडी आणली आणि पुढचे तीस दिवस एकही फेरी न चुकवता स्वतः चालवली तर जागा तिची. एक जरी फेरी चुकली तरी जागा गेली. ठरवणाऱ्यांतल्या निम्म्यांना खात्री होती की ती चार दिवसांत घरी बसेल.

"चौऱ्याऐंशी हजार तीनशे," लेओकादियानं मीटर वाचलं. पांढरी मिनीबस होती, चौदा सीटची. "खरं असेल का हो मिस्त्री?"

"मीटरला काय विचारता दोन्या, मीटर कुणी बोलायला लावेल ते बोलतं." बायकांना तो मानानं दोन्या म्हणे. सिल्वेरियो आधीच पालथा पडून सीटखाली पिन फिरवत होता. मग त्यानं हवेची जाळी कोरली, मागच्या चाकाची खोबण बघितली, चटईची कड उचलली. माती निघाली, एक नाणं निघालं, कणसाचे दाणे निघाले. टिकली निघाली नाही.

"कागदावर तर सात वर्षं झाली हिला देशात येऊन," लेओकादिया म्हणाली.

आवारातला माणूस बॉनेटला टेकून उभा होता. "वादात अडकलेली गाडी म्हणे. गोदामात पडून होती, असं ऐकलंय बुवा. आपण काय, ऐकीव सांगतो."

"बरोबर ऐकलंय तुम्ही," सिल्वेरियो गुडघे झटकत उठला. त्याच्या चेहऱ्यावर पोराला पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं तेज होतं. "दोन्या, हिनं एकही कार्निव्हल बघितलेलं नाही. परदेशात पळाली तेवढीच, इथं आल्यापासून सात वर्षं कुलपात होती. मीटर खरं बोलतंय."

लेओकादिया चालकाच्या सीटवर बसली. घागरा सावरून तिनं पाय पेडलवर ठेवले आणि वाकून बघितलं. "मग हे रबर एवढं नवं कसं? कुलपातल्या गाडीचं रबर कशाला बदलतील?"

प्रश्न चांगला होता. सिल्वेरियोला तो आवडला नाही.

"तुम्ही स्टिअरिंगचं बघा, रबराचं मी बघतो," तो म्हणाला. "रबर बाजारात मिळतं. टिकल्या काढायचं औषध अजून कुणी शोधलेलं नाही."

माणसानं दोन मिनिटं इंजिन चालवलं. आवाज ठीक होता. टायमिंग बेल्ट बघायचा तर झाकण उघडावं लागतं, आणि त्याला मनाई. पण एक लाखाशिवाय बेल्टला हात लावायचं कारण नव्हतं, आणि लाखाला अजून पंधरा हजार बाकी होते. "कार्निव्हल होऊन जाऊ दे, मग सावकाश बदलू," सिल्वेरियो म्हणाला. लेओकादियानं दुसऱ्या दिवशी बोली लावली आणि गाडी घेतली. आवाराच्या फाटकाबाहेरच तिनं चाकांवर बिअर ओतली, तिची मुलगी योसेलिन हिनं टिकल्यांची पिशवी गाडीवर रिकामी केली, आणि लेओकादिया पहिल्यांदाच खळखळून हसली. माक्सिमो गेल्यापासून सिल्वेरियोनं तिला असं हसताना बघितलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. आपल्या डोळ्यांमुळे एका बाईचं घर उभं राहतंय, असं काहीसं.

चौदा दिवस गाडी तक्रार न करता पळाली. पहाटे रिओ सेकोहून निघायची, पठाराच्या कडेवरच्या सेहा चौकाच्या गर्दीतून वाट काढत खाली खोऱ्यातल्या शहरात उतरायची आणि पुन्हा वर. लाइनीतला क्रिस्पिन लाउरा हा जुना चालक रोज सकाळी विचारायचा, "काय सत्तेचाळीस, चुलीवरची भाजी उतरवून आलात ना?" आणि लेओकादिया रोज सांगायची, "उतरवली. तुमच्यासाठी सालं ठेवलीत." लोकांना ते ऐकायची सवय होऊन गेली होती.

पंधराव्या दिवशी सिल्वेरियोला खाली शहरात बेअरिंग आणायला जायचं होतं. तो लेओकादियाच्या गाडीत बसला. तिनं भाडं घ्यायला नकार दिला, त्यानं द्यायचा आग्रह केला, आणि नेहमीप्रमाणे तिचंच चाललं. दोन थांब्यांनंतर एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली आणि त्याच्या शेजारी बसली. बसल्या बसल्या तिनं पुढच्या सीटच्या नव्या कापडाची कड उचलली, आत बोट घातलं आणि समाधानानं मान हलवली.

"काय शोधताय आजी?"

"माझा डाग. आहे अजून. उकळत्या सूपचं पातेलं उलटलं होतं माझं इथं, हे बघ, फोम वितळलाय. पण बंधू आब्दियास एक शब्द बोलले नाहीत. दुसरा कुणी असता तर मला खाली उतरवली असती."

"कोण बंधू आब्दियास?"

"गाडीवाले! आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतले. आठवडाभर सेंकाटाच्या लाइनीवर पळायचे आणि रविवारी आम्हाला सगळ्यांना उपासनेला न्यायचे. सहा वर्षं, बाळा. एक रविवार चुकला नाही."

लेओकादिया पुढे एका ट्रकवाल्याला खिडकीतून चार शब्द सुनावत होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. सिल्वेरियोनं आवाज खाली आणून विचारलं, "आजी, तुमच्या मंडळीत... कार्निव्हलला गाडीची पूजा घालतात?"

म्हातारीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "देवा रे! आम्ही नाही हो तसलं काही करत. बिअर ओतायची म्हणे, टिकल्या उधळायच्या म्हणे. बंधू आब्दियास तर त्या मंगळवारी गाडी आत घेऊन फाटकाला कुलूप लावत. शेजारच्या पोरानं गंमत म्हणून टिकल्या टाकल्या असत्या तर पुन्हा झाडत कोण बसणार?"

वीस वर्षं तो टिकल्या मोजत होता. एल आल्तोत दर चौथ्या गल्लीत असली एखादी मंडळी जमते, रविवारी टाळ्या वाजवून गाते. त्याची स्वतःची मेहुणी त्यातलीच, कार्निव्हलला ती त्यांच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही आणि तो तिला त्यावरून चिडवतो. आणि त्या माणसांच्याही गाड्या असतात, त्या पळतात, झिजतात, विकल्या जातात, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बेअरिंग आणायचं तो विसरलाच.

म्हातारीनं सांगितलेल्या पत्त्यावर तो दुपारी पोचला. आब्दियास चोके अंगणात खुर्ची टाकून बसला होता, दोन्ही गुडघ्यांना लोकरी पट्टे. गुडघ्यांमुळेच गाडी विकली होती. त्यानं काही न विचारता सिल्वेरियोला बसायला दिलं, ब्रेड दिला, आणि गाडीचं नाव निघताच आतून एक वही आणली. तेल कधी बदललं, ब्रेक कधी, टायर कधी, पुढे किलोमीटर, सगळं शाळकरी पोराच्या गोल अक्षरात.

"टायमिंग बेल्ट, दोन लाख दहा हजार," आब्दियासनं बोट ठेवून वाचलं. "विकली तीन लाख बारा हजार चारशेला. घेणाऱ्याला मी सांगितलं होतं, भाऊ, बेल्टची मुदत संपली, आधी तो बदल आणि मगच रस्त्यावर काढ."

"कोण होता घेणारा?"

"कुणी दलाल. जाकीट भारी होतं, नाव विसरलो. पण का हो?"

"मीटरवर चौऱ्याऐंशी हजार होते."

आब्दियासनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. तो रागावेल असं सिल्वेरियोला वाटलं होतं. म्हातारा नुसता वहीकडे बघत राहिला. "म्हणजे माझी सहा वर्षं धुऊनच टाकली म्हणायची," तो म्हणाला.

परत येताना सिल्वेरियो पायीच चालला. डोक्यात हिशेब सरळ होता. बेल्टनं लाखाच्या वर धाव घेतली होती. तो तुटला तर इंजिनाचा आतल्या आत चुरा होणार. आणि तो सेहाखालच्या उतारावर तुटला तर इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, आणि गाडीत चौदा माणसं आणि लेओकादिया. तेव्हा बेल्ट बदलायलाच हवा, यात वाद नव्हता. वाद दुसराच होता. 'दोन्या, सहज एकदा तपासून घेतो' असं म्हणून बेल्ट गुपचूप बदलता आला असता. रेडिएटर गळतोय म्हणता आलं असतं. टिकल्यांचा डॉक्टर डॉक्टरच राहिला असता. हा विचार त्यानं पुरे दोन चौक सोबत चालवला, खोटं कशाला बोला. पण बेल्टला सहा तास लागतात, सहा तासांत फेऱ्या बुडतात, आणि बुडलेल्या फेरीसाठी रेडिएटरचं कारण देऊन त्या बाईची जागा घालवायची, म्हणजे तिला दुसऱ्यांदा फसवायचं. ते त्याला जमेना.

लेओकादिया शेवटच्या थांब्यावर गाडीला टेकून आपी, मक्याचं गरम जांभळं पेय, पीत होती. त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीचा डाग, वही, तीन लाख बारा हजार, बेल्ट. सांगताना तो तिच्या पेल्याकडे बघत होता.

"मी तुम्हाला रबराचं विचारलं होतं," ती म्हणाली.

"विचारलं होतं."

"तुम्ही म्हणालात, तुम्ही स्टिअरिंगचं बघा."

"म्हणालो होतो. चुकलो मी, दोन्या. रबर मला दिसत होतं आणि मी ते बघितलं नाही."

तिनं आपी संपवलं, पेला आपीवाल्या बाईला परत केला, तोंड पुसलं. "किती वेळ लागेल?"

"सहा तास. दोन फेऱ्या जातील."

"फेरी गेली की जागा गेली."

"आणि उतारावर बेल्ट तुटला तर..."

"ते मला सांगू नका. उतारावर रोज मी असते, तुम्ही नसता." तिनं गाडीची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "आता एक मीटरसुद्धा चालवायची नाही ही. चला, प्रमुखाकडे."

लाइनीचे प्रमुख एलेउतेरियो किसबेर्त थांब्यावरच्या टपरीत बसत. चार-पाच चालक तिथंच होते, क्रिस्पिनही होता. लेओकादियानं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. प्रमुखांनी ओठ चावला. ते वाईट माणूस नव्हते, पण नियमाच्या पुढे जायची त्यांना भीती वाटे.

"दोन्या, नियम काही मी एकट्यानं केला नाही. बैठकीनं केला. गाडी बंद म्हणजे फेरी बुडाली. आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे येतील बेल्ट घेऊन."

"घोडचूक माझी आहे," सिल्वेरियो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. टपरीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "मी गाडी पास केली. टिकल्या नाहीत म्हणून कोरी आहे असं मी सांगितलं. तशी नव्हती ती. मालक पूजा न घालणारा होता, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. गेली वीस वर्षं आलं नाही."

कुणी हसलं नाही. क्रिस्पिन कानावरची टोपी मागे सारून पुढे आला. तीन वर्षांपूर्वी त्याचीही गाडी सिल्वेरियोनंच लिलावातून निवडून दिली होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "माझ्या गाडीत किती टिकल्या होत्या रे?"

सिल्वेरियोला ते लगेच आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

"एकही नव्हती."

क्रिस्पिननं बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "आणि मी तिच्यात माझ्या नातीला शाळेत सोडतो," तो हळूच म्हणाला. मग प्रमुखांकडे वळला. "बैठकीत काय ठरलं होतं? सत्तेचाळीसची फेरी चुकायची नाही. बरोबर? सत्तेचाळीसची फेरी कुठल्या गाडीनं करायची, हे कुठं लिहिलंय?"

"बाईनं स्वतः चालवायची असं आहे."

"मग चालवू दे की. माझी गाडी घेऊन जाऊ दे. माझ्या आजच्या दोन फेऱ्या मी सोडतो. माझ्या बेल्टला तीन वर्षं काही झालं नाही, म्हणजे..." तो थांबला. बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं. "नाही. माझी नको. माझीही उघडूनच बघायची. त्या पोराची गाडी घ्या, हिलारियोची. ती गाडी त्यानं नवी कोरी घेतलीय, दुकानातून."

हिलारियो बिचारा कोपऱ्यात सालतेन्या, रस्सा भरलेली करंजी, खात होता. त्याला कुणी विचारलंच नाही. त्यानं तोंडातला घास गिळायच्या आत लेओकादियानं हात पुढे केला आणि त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली.

प्रमुखांनी मान खाजवली, वही उघडली, मिटली. "लिहिलेलं नाही हे खरं," ते म्हणाले. "जा दोन्या, तुमची वेळ झाली. दोन मिनिटं उशीर आहे आधीच."

"आणि ही दया नव्हे हां, सत्तेचाळीस," क्रिस्पिन मागून ओरडला. "उद्या मिस्त्री माझी गाडी उघडणार. फुकट!"

सिल्वेरियोनं थांब्यावरच गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. त्या दिवशी सूर्य होता, वारा नव्हता, आणि फेरी नसलेले सगळे चालक भोवती उभे होते. त्यानं पंखा सोडवला, पुली सोडवली, झाकणाचे बोल्ट एकेक करून काढले. झाकण निघालं. बेल्टचे तीन दात जागेवर नव्हते, आणि कडेला बोट लावलं तर धागे हातात आले. क्रिस्पिन वाकून बघत होता. जरा वेळानं तो गटाराच्या कडेला जाऊन बसला. सिल्वेरियोचे हात कामाला लागले होते म्हणून बरं, नाहीतर त्यालाही बसावं लागलं असतं.

क्रिस्पिनची गाडी उघडून झाल्यावर, पुढच्या आठवड्यात त्यानं आणखी तीन गाड्या शोधून काढल्या, ज्यांच्याबद्दल त्यानं कधीतरी 'हिनं कार्निव्हलच बघितलं नाही' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. एक मालक शिव्या देऊन आत गेला. एकानं गाडी केव्हाच विकली होती. तिसऱ्यानं गाडी खरोखर कोरी असल्याचं सिद्ध करून दाखवलं, आणि त्याचा सिल्वेरियोला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

तीस दिवस पुरे झाले. बैठकीत लेओकादिया तिकोनाचं नाव सत्तेचाळीस नंबरसमोर लिहिलं गेलं. क्रिस्पिननं टाळ्या वाजवल्या आणि भाजीबद्दल काहीतरी बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून ती सिल्वेरियोच्या गॅरेजशी येऊन थांबली.

"मिस्त्री, बसा. एके ठिकाणी जायचंय."

ती त्याला रेडिओ आणि मीटरवाल्यांच्या गल्लीत घेऊन गेली. एका अरुंद दुकानात जाड चष्म्याचा एक माणूस संगणकापुढे बसला होता. गल्लीत त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. दोन-चार मीटर उघडी पडली होती, तारा लोंबत होत्या. गेला महिनाभर सिल्वेरियो असल्याच कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या देत होता, काय काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. आता समोर माणूस बघून त्याला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मीटरचं काम आहे," लेओकादिया म्हणाली.

"किती कमी करायचं?" इंजिनिअरनं मान वर न करता विचारलं.

"वाढवायचंय."

आता त्यानं मान वर केली. "दोन्या, सकाळी सकाळी थट्टा?"

"आता एकोणनव्वद हजार दोनशे आहे. तीन लाख सतरा हजार तीनशे करा. हिशेब लावून आणलाय."

"कशाला पण? गाडीची किंमत जाईल. विकताना निम्मे पैसे मिळणार नाहीत तुम्हाला."

"माझी पोरगी लायसन्स काढतेय," लेओकादिया म्हणाली. "पुढल्या वर्षी ही गाडी ती चालवणार. या आकड्याकडे बघून ती बेल्ट बदलणार, ब्रेक बदलणार. आकडा खोटा असेल तर माझ्या पोरीला उतारावर कोण सांगेल?"

स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिनिअर बाहेर आला, गाडीच्या पुढच्या काचेकडे, मग नंबरप्लेटकडे बघून क्षणभर थांबला, आणि आत बसून मीटरचं झाकण सोडवायला लागला. डावीकडची खीळ तुटलेली होती. ती दिसायच्या आधीच त्याचा अंगठा तिथं आधाराला टेकला होता. सिल्वेरियोनं ते बघितलं. त्याचा हात मुठीत वळला, आणि मग सैल पडला. या माणसाचे हात जितके चलाख होते, तितकेच आपले डोळे हुशार आहेत असं आपण समजत होतो, असं त्याला वाटलं. त्या दोघांच्या मध्ये चौदा सीटची गाडी उतारावरून खाली जात होती, रोज.

अर्ध्या तासानं मीटर परत जागेवर बसलं. आकडा उजळला : तीन लाख सतरा हजार तीनशे. लेओकादियानं तो मोठ्यानं वाचला आणि शालीखालची पिशवी काढली.

"किती झाले?"

"काही नको."

"असं कसं? फुकटाचं नको मला."

इंजिनिअरनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. "दोन्या, या गाडीचे पैसे मला आधीच मिळालेत."

गल्लीत कुठंतरी रेडिओ वाजत होता. लेओकादियानं त्याच्याकडे निरखून बघितलं. मग तिनं दोन नोटा मोजून त्याच्या टेबलावर ठेवल्या.

"ते त्या कामाचे होते," ती म्हणाली. "हे या कामाचे. आणि पावती द्या. गाडीचा नंबर, खरा आकडा, आजची तारीख. खाली सही."

दुकानात पावतीपुस्तक नव्हतं. तिथं होणाऱ्या कामाची पावती आजवर कुणी मागितली नव्हती. इंजिनिअरनं वहीतला एक कागद फाडला, सिल्वेरियोनं त्याला पेन दिलं, आणि त्या माणसानं टेबलावर वाकून आकडा लिहिला, मग खाली, हळूहळू, आपलं पूर्ण नाव.